गेटवे बडनेरा

माझ्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबुळकी वही आहे, अडतीवर उधारी मांडायला वापरतात तशी. अकोल्याच्या टिळक रोडवरून घेतलेली. पहिल्या पानावर ६ जुलै १९९८ ही तारीख आणि तिच्याखाली चार ओळी. यंत्राचं नाव पूर्णा. पत्ता १९२.१६८.१.२. मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे १९२.१६८.१.२५४. त्या दिवशी मी अमरावतीच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात संगणक प्रयोगशाळेची सहायक म्हणून रुजू झाले. चारही ओळी मला तिथल्या जुन्या तंत्रज्ञांनी सांगितल्या. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. ते म्हणाले, "पाठ नका करू ताई, लिहून ठेवा. मशीनले आपलं नावही मालूम नसते. आपण फायलीत जे लिहून देतो, तेच ते खरं मानते."

त्यानंतरची सव्वीस वर्षं माझी नोकरी बहुतेक या वाक्यावरच चालली.

माझं माहेर मूर्तिजापूर. वडील तिथल्या मालधक्क्यावर कारकून होते. मूर्तिजापूर म्हणजे मुंबई-नागपूर मोठ्या लाइनीवरचं जंक्शन. उत्तरेला अचलपूर, दक्षिणेला यवतमाळ, आणि दोन्हीकडे तेव्हा जायची ती अडीच फुटी रुळांची शकुंतला रेल्वे. किलिक निक्सन कंपनीनं ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी बांधली, आणि १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. लहान लाइनीचा डबा मोठ्या लाइनीवर चढत नाही. म्हणून अचलपूरकडून आलेला माल मूर्तिजापूरला उतरायचा, दुसऱ्या डब्यात चढायचा आणि मग पुढे निघायचा. वडिलांच्या टेबलावर बिल्ट्यांची चळत असायची. शेवटचं ठिकाण बिल्टीवर लिहिलेलं असे, पण तिथपर्यंतचा सगळा रस्ता वडिलांना ठाऊक असण्याची गरज नव्हती. हा माल पुढच्या कोणत्या गाडीत टाकायचा, एवढंच त्यांना नक्की माहीत असावं लागे. पुढे कॉलेजात भाऊंनी पडद्यावर राउटिंग टेबल काढून दाखवलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. प्रत्येक ओळीत डावीकडे ठिकाण आणि उजवीकडे त्या ठिकाणासाठी पुढचं स्टेशन, एवढंच तर होतं.

अमरावतीचं गणित त्याहून सरळ आहे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली, ती अमरावती शहर बाजूला ठेवून, बडनेऱ्यावरून. अमरावतीला नंतर फाटा मिळाला. मुंबईला जायचं असो की हावड्याला, अमरावतीकराला कित्येक पिढ्या आधी बडनेरा गाठावं लागलं. गेटवे म्हणजे नेमकं हेच. यंत्राला आपल्या मोहल्ल्यातले पत्ते कळतात. त्यापलीकडचा कुठलाही पत्ता आला की ते माहितीचं पुडकं गेटवेच्या हवाली करून मोकळं होतं. मी मुलांना शिकवताना फळ्यावर 'गेटवे बडनेरा' एवढंच लिहायची आणि खाली तो आकडा. विसरलेला विद्यार्थी मला आठवत नाही. पुढे अमरावतीहून थेट नरखेडकडे जाणारी लाइन झाली, तेव्हा दोन वाटा असल्या तर आधी कोणती धरायची हेही शिकवता यायला लागलं. फायलीत त्याला मेट्रिक म्हणतात; ज्या वाटेचा आकडा लहान, ती आधी.

मास्क सांगायला मात्र रेल्वे पुरायची नाही. तिथं मी पिनकोड घ्यायची. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि त्याची रचना केली ती टपाल खात्यात असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनी. ते संस्कृतचे कवी होते, आणि हे मी वर्गात मुद्दाम सांगायची. अमरावती ४४४६०१, बडनेरा ४४४७०१, अकोला ४४४००१, खामगाव ४४४३०३, अचलपूर ४४४८०६. पहिले तीन आकडे सगळीकडे सारखे. यवतमाळ ४४५००१, तिथं तिसरा आकडा बदलला. पत्त्याचा किती भाग मुलूख समजायचा आणि किती घर, ते सांगणारी रेघ म्हणजे मास्क. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन भाग मुलूख, चौथा घर. ही रेघ चुकली की यंत्र शेजाऱ्याला परमुलखातला समजून त्याचं पुडकं उगाच गेटवेकडे पाठवतं, नाहीतर परमुलखातल्याला शेजारी समजून गल्लीतच हाका मारत बसतं. उत्तर येत नाही, आणि केबल तर जोडलेली दिसते. नवख्या माणसाचा सगळा दिवस यात जातो.

नावांची गोष्ट मला या सगळ्यात प्रिय आहे. युनिक्स या संगणक प्रणालीत एक डिरेक्टरी आहे, आम्ही तिला 'एट्सी' म्हणायचो. मूळ शब्द 'इत्यादी' अशा अर्थाचा. दुसरीकडे कुठे न बसणाऱ्या वस्तू ठेवायची ती जागा. हळूहळू यंत्राची सगळी ओळखच तिथं राहायला आली. तिच्यात 'होस्ट्स' नावाची फाईल असते. एका ओळीत एक पत्ता, त्यापुढे नाव. तिची पहिली ओळ बहुधा १२७.०.०.१, म्हणजे यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता.

या फायलीचा पूर्वज अमेरिकेत मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होता. अर्पानेट या नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकाचं नाव आणि पत्ता तिथं एकाच फायलीत लिहिला जाई. ते काम एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखालची माणसं करत. बाईंना सगळे जेक म्हणत. नवा संगणक लावला की त्यांच्या कचेरीला कळवायचं, त्यांनी फायलीत ओळ घालायची, आणि बाकीच्यांनी ती फाईल उतरवून घ्यायची. म्हणजे पुढे ज्याला जगाचं जाळं म्हणू लागलो, त्याची हजेरी एके काळी एका बाईंच्या कचेरीत मांडली जात होती. हे मला फार उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी मी वहीच्या आतल्या बाजूला त्यांचं नाव लिहून ठेवलं.

ती पद्धत फार काळ टिकणार नव्हती. संगणक वाढले, फाईल फुगली, दोघांनी एकच नाव मागितलं तर तंटा. १९८३ च्या नोव्हेंबरात पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. नावं एका जागी ठेवायची नाहीत, ज्याचा मुलूख त्यानं आपली नावं सांभाळायची. त्याच वर्षी १ जानेवारीला अर्पानेट टीसीपी-आयपी या संवादाच्या नियमांवर गेलं होतं, आणि त्याच वर्षी बर्कलीच्या युनिक्समधून टीसीपी-आयपी आणि 'आयएफकॉन्फिग' हा हुकूम विद्यापीठाविद्यापीठांत पोचला. इकडे १९८३ च्याच १ मे रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली तीही त्याच वर्षी; बडनेऱ्याचं राम मेघे यांच्या नावाचं आणि शेगावचं संत गजानन महाराजांच्या नावाचं कॉलेज याच सालचं. या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी पंधरा वर्षांनी माझ्यासारखी मूर्तिजापूरची मुलगी त्या हुकुमासमोर येऊन बसली, ती या दोन्ही १९८३ मुळे.

आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांना भाऊंनी नद्यांची नावं दिली होती. मोर्णा, काटेपूर्णा, उमा, पेढी, शहानूर, चंद्रभागा. सर्व्हरचं नाव पूर्णा, कारण या सगळ्या नद्या पूर्णेलाच मिळतात. आणि बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या यंत्राचं नाव तापी, कारण पूर्णेचं पाणी तापीतूनच समुद्राला जातं. वऱ्हाडचा नकाशा ज्याला येतो, त्याला आमचं नेटवर्क न सांगता समजे. एकच होस्ट्स फाईल आम्ही फ्लॉपीवर घेऊन यंत्रायंत्रावर फिरवायचो. उमा हे नाव मी मागून घेतलं होतं. ती आमच्या मूर्तिजापूरची नदी.

नाव विचारायचं झालं तर यंत्र आधी स्वतःची होस्ट्स फाईल पाहतं आणि तिथं सापडलं नाही तरच डीएनएसकडे जातं. हा क्रमही एका फायलीत लिहिलेला असतो. आणि डीएनएसवाला कोण, ते 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फायलीत. तिथं तीनच पत्ते चालतात, चौथा लिहिला तरी कुणी वाचत नाही. या क्रमानं आम्हाला एकदा चांगलंच शिकवलं. एका सर्व्हरचा पत्ता बदलला, डीएनएसमध्ये नीट नोंदला, तरी दोन यंत्रं जुन्याच पत्त्यावर जात राहिली. त्यांच्या होस्ट्स फायलीत जुनी ओळ राहून गेली होती. घरच्या वहीत खोटं असेल तर गावानं खरं सांगून काय उपयोग.

युनिक्सच्याच वळणाचं लिनक्स आमच्याकडे आलं ते मासिकासोबत. 'पीसीक्वेस्ट'नं १९९६ मध्ये अंकाबरोबर स्लॅकवेअर लिनक्सची सीडी दिली. त्यामागे अतुल चिटणीस यांचा मोठा हात होता. बंगळूरला राहून त्यांनी देशभरच्या लहान गावांतल्या लोकांपर्यंत लिनक्स नेलं. २०१३ मध्ये ते गेले. टेलिफोनच्या लाइनीवरून एवढा मजकूर उतरवणं वऱ्हाडात त्या काळी शक्यच नव्हतं. ती सीडी नसती तर आमच्या हाती काही लागलं नसतं. माझ्याआधी दोन वर्षं भाऊंनी ती लावून पाहिली होती. स्लॅकवेअरमध्ये यंत्राचा पत्ता वेगळ्या फायलीत नव्हता. यंत्र सुरू होताना चालणाऱ्या 'आरसी डॉट आयनेट-वन' या स्क्रिप्टमध्येच तो लिहायचा. पत्ता आणि पत्त्याचं काय करायचं हे दोन्ही एकाच कागदावर. पुढच्या वर्षांत रेड हॅट लिनक्सच्या सीड्या आल्या आणि तिथं प्रत्येक नेटवर्क कार्डासाठी वेगळी छोटी फाईल निघाली. कार्डाचं नाव ईथ-झिरो. आत पाचसहा ओळी: उपकरण कोणतं, पत्ता ठरलेला की मागून घ्यायचा, पत्ता, मास्क, आणि यंत्र सुरू होताना हे कार्ड जागं करायचं की नाही. बरोबरीच्या चिन्हाच्या डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. कुणीही उघडावी आणि वाचावी अशी फाईल. आजही मला ती या सगळ्यांत सुरेख वाटते.

फाईल कशासाठी लागते, हे मला पुस्तकानं नाही, भारनियमनानं शिकवलं. 'आयएफकॉन्फिग' टाइप करून पत्ता दिला की यंत्र तत्काळ बोलू लागतं. काम झालं म्हणून आपण उठतो. पण तो तोंडी व्यवहार. यंत्राच्या स्मृतीत आहे, कागदावर नाही. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला वऱ्हाडात तासन्‌तास वीज जायची. यूपीएसची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकायची. वीज आली की यंत्रं उठायची आणि त्यांना फक्त फायलीत लिहिलेलंच आठवायचं. काल संध्याकाळी घाईत हातानं दिलेला रस्ता गेलेला, आज सकाळी बाहेरचं जग बंद. ज्या गावात वीज जात नाही, तिथल्या माणसाचं यंत्र वर्षभर न विझता चालतं. तोंडी आणि लेखी यांतला फरक त्याला वर्षानं कळतो. आम्हाला रोज दुपारी कळायचा.

तापीवरचा एक आकडा याच काळातला. तीस यंत्रं आणि टेलिफोनचा एकच मोडेम. ते एक कनेक्शन सगळ्यांना वाटायचं तर तापीनं एका बाजूचं पुडकं दुसऱ्या बाजूला सोडलं पाहिजे. लिनक्स ते आपणहून करत नाही. 'सिसकंट्रोल'च्या फायलीत आयपी फॉरवर्डपुढे शून्य असतो. त्या शून्याचा एक केला की साधं यंत्र जंक्शन होतं. मी तो एक लिहिला तेव्हा वडील होते. त्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "मंग तुहं मूर्तिजापूर झालं म्हण."

२००६ च्या मे महिन्यात वळवाच्या पहिल्या गडगडाटाला कॉलेजाजवळ वीज पडली. मोडेम गेला, दोन स्विच गेले, पूर्णेचं नेटवर्क कार्ड गेलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवं कार्ड आणलं, बसवलं, यंत्र सुरू केलं, नेटवर्क नाही. पडद्यावर वर सरकत गेलेल्या ओळींत एक ओळ होती: ईथ-झिरोचा हार्डवेअर पत्ता अपेक्षेहून वेगळा आहे, म्हणून दुर्लक्ष. प्रत्येक कार्डावर कारखान्यातून एक बारा अक्षरी खूण येते. आमच्या फायलीत, लिनक्स बसवतानाच, जुन्या कार्डाची ती खूण लिहिली गेली होती. यंत्र प्रामाणिक होतं. मला सांगितलेल्या माणसालाच आत घेईन, म्हणत दार लावून बसलं होतं. आम्ही मात्र चार तास केबली तपासत होतो. भाऊंनी शेवटी फाईल उघडली, जुनी खूण न खोडता तिच्यापुढे हॅश घातला, खाली नवी लिहिली आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत मराठी: वीज पडली म्हणून बदललं, तारीख अमुक. त्या वेळी आमच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसत नसे. हॅशनं सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही. ती माणसासाठी असते, आणि बहुधा अशा माणसासाठी, जो अजून नोकरीला लागलेला नाही.

आकडा फायलीत असतोच. तो का आहे, ते नसतं. माझ्या सव्वीस वर्षांत आमचे जितके दिवस वाया गेले, त्यातले बहुतेक या एका गोष्टीपायी गेले, असं मी वही पुन्हा वाचल्यावर खात्रीनं सांगू शकते.

सगळ्यात मोठी चूक माझीच. २००७ चा एक रविवार. संस्थेच्या अकोल्याच्या कॉलेजातला सर्व्हरही मीच पाहायची, अमरावतीत बसून, दुरून. सोमवारी तिथं परीक्षेचे अर्ज भरायचे होते. गेटवे बदलायचा होता. मी फाईल उघडली, २५४ ऐवजी २४५ लिहिलं, जतन केलं आणि नेटवर्कची सेवा पुन्हा सुरू करायचा हुकूम दिला. कर्सर थांबला. पुन्हा हलला नाही. अकोल्यातलं ते यंत्र ठणठणीत होतं, आपल्या गल्लीत सगळ्यांशी बोलत होतं. फक्त त्याला बाहेरची वाट माहीत नव्हती, आणि मी बाहेर होते. कॉलेज बंद, तिथं टाइप करून देणारं कुणी नाही. मी अमरावतीहून बडनेऱ्याला गेले, बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी धरली. मूर्तिजापूर मागं पडताना खिडकीतून मालधक्का पाहिला. रात्री साडेनऊला अकोल्यात उतरले, चौकीदारानं कुलूप काढलं, आणि दोन आकड्यांची जागा बदलली. वीस सेकंदांचं काम. एक पुडकं ज्या वाटेनं गेलं असतं, जवळपास त्याच वाटेनं मी गेले होते.

त्यानंतर दूरच्या यंत्राला हात लावताना मी आधी जुन्या फायलीची प्रत ठेवायची आणि यंत्राला सांगून ठेवायची: दहा मिनिटांनी जुनी फाईल जागेवर आण आणि नेटवर्क पुन्हा सुरू कर. सगळं नीट झालं तर मी तो हुकूम मागं घ्यायची. नाही झालं, तर दहा मिनिटं बसून राहायचं, दार आपोआप उघडतं. पुढे 'नेटप्लॅन' हे नेटवर्क मांडायचं साधन आलं, त्यात ही सोय आयतीच मिळाली. 'ट्राय' म्हटलं की ते नवी मांडणी लावतं, १२० सेकंद वाट पाहतं, आणि आपण होकार दिला नाही तर जुनी मांडणी परत आणतं. ज्यानं ती सोय केली, त्यानंही कधीतरी अशी गाडी धरली असणार.

२०१४ च्या सेंटओएस ७ या लिनक्सपासून आमच्या यंत्रांवरचं ईथ-झिरो हे नाव गेलं. त्याजागी ईएनपी-थ्री-एस-झिरो असली नावं आली. ही नावं दिसायला वाकडी, पण अर्थ सरळ: ईएन म्हणजे ईथरनेट, तिसऱ्या क्रमांकाच्या बसवर, शून्य क्रमांकाच्या खाचेत बसलेलं. पूर्वी जे कार्ड आधी दिसेल ते झिरो, नंतरचं वन. दोन कार्डं असली तर एखाद्या दिवशी अदलाबदल व्हायची. नव्या नावात कार्ड कुठं बसलंय ते लिहिलेलं असतं, म्हणून ते भरकटत नाही. आमच्या तरुण सहकाऱ्यांना ही नावं आवडली नाहीत. मला हायवे आठवला. अमरावती-अकोला रस्ता आम्ही आयुष्यभर सहा नंबर म्हणत आलो. २०१० मध्ये देशभरचे क्रमांक नव्यानं बांधले गेले आणि सहाचा त्रेपन्न झाला. नव्या क्रमांकांत दिशेचा हिशेब आहे: पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम. शहाणपणाचंच काम. तरी मूर्तिजापूरच्या स्टँडवर आजही सहा नंबरच म्हणतात.

दुसरा बदल मात्र मला जड गेला. फायली आता माणसानं लिहायच्या राहिल्या नाहीत. २००४ मध्ये रेड हॅटकडून नेटवर्क मॅनेजर आलं, ते लॅपटॉपसाठी. लॅपटॉप गावोगाव फिरतो, त्याला एका पत्त्याची फाईल काय कामाची. ती फाईल म्हणजे सातबारा, जागेवर राहणाऱ्याचा कागद. फिरत्याला डीएचसीपी हवं. शेगावच्या भक्तनिवासासारखं: या, नोंद करा, ठरल्या मुदतीपुरती खोली घ्या, बाहेर जायचं दार कुठं आणि चौकशी कुणाकडे करायची तेही तिथंच कळेल, मुदत संपली की खोली दुसऱ्याला. हे योग्यच आहे. पण हळूहळू सर्व्हरवरही तीच रीत आली. २०१७ च्या ऑक्टोबरात उबुंटू लिनक्सनं नेटप्लॅन आणलं. मांडणी यॅमल पद्धतीच्या एका फायलीत लिहायची, आणि तिच्यावरून दुसऱ्याच फायली यंत्र स्वतः तयार करणार. यॅमलमध्ये समास मोजून ठेवावा लागतो, टॅब चालत नाही. एक जागा इकडची तिकडे झाली तर अर्थ बदलतो. २०२२ च्या रेड हॅट ९ मध्ये नव्या जोडण्यांसाठी त्या पाचसहा ओळींच्या फायली मागं पडल्या. आणि उबुंटूत रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडली तर पहिल्याच ओळीत हॅश घालून सूचना: ही फाईल हातानं बदलू नका. खाली एकच पत्ता, १२७.०.०.५३. म्हणजे यंत्र स्वतःलाच विचारतंय. खरा डीएनएसवाला कोण, ते दुसरीकडे शोधायचं.

ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. भाऊंनी फायलीत वीज पडल्याची जशी नोंद केली होती, तशी नोंद इथं केली तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ती पुसली जाईल. म्हणून मी जिथं माणसाला अजून लिहू देतात ती जागा शोधून काढायची, यॅमलच्या मूळ फायलीत, आणि तिथं हॅश घालून कारण लिहायची. जे कुठंच लिहिता येत नव्हतं, ते लाल वहीत.

गेल्या वर्षी निवृत्त होण्याआधी मी सगळं नव्या मुलाच्या हवाली केलं. धारणीचा मुलगा, हुशार. पूर्णा शेवटची बंद करायची होती. तिची होस्ट्स फाईल आम्ही दोघांनी वाचली. उमा ही ओळ होती, पुढे हॅश. ते यंत्र २००९ मध्येच भंगारात गेलं. पेढी, शहानूर, तशीच. मग त्यानं नव्या सर्व्हरची मांडणी लिहायला घेतली आणि थांबला.

"मॅडम, सगळीकडे गेटवे एकवर असतो. आपला दोनशे चौपन्नवर कायले आहे?"

मला आठवत नव्हतं. वही काढली. पहिल्या पानावर नुसता आकडा. सातव्या पानावर, १९९८ च्याच ऑगस्टातली ओळ सापडली: एकवर प्रिंटर आहे, त्याचा पत्ता बदलता येत नाही, माहितीपुस्तक हरवलं, म्हणून तापी शेवटी ठेवली, भाऊंनी सांगितलं. प्रिंटर २००४ मध्ये गेला होता.

"मंग आता एकवर आणू?" त्यानं विचारलं.

"नको. ज्या यंत्रांत हातानं पत्ता लिहिलाय ती सगळी शोधावी लागतील. सुट्ट्यांत बघ."

त्यानं मान हलवली, २५४ लिहिलं, वरच्या ओळीत हॅश दाबला आणि कीबोर्ड मराठीवर घेतला. पडद्यावर देवनागरीत उमटलं: एकवर प्रिंटर होता, १९९८.